आजारपणात घरून काम केलं, तरी पगार कापला

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई महाराष्ट्रातल्या एका भागीदारी फर्ममध्ये सहा वर्षं अकाउंटंट आहेत. फर्ममध्ये अठ्ठावीसेक माणसं, ताईंचा पगार महिना ३२,००० रुपये. मागच्या महिन्यात त्यांना डेंग्यू झाला. ४ तारखेला त्यांनी शेठना व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवला, १६ पर्यंत रजा मागितली आणि शेठचं ‘ओके’ आलं. ६ ला ताप उतरला. टीडीएस, म्हणजे कापून घेतलेला आयकर, भरायची मुदत ७ ला संपत होती आणि ७ ला रविवार, म्हणून त्यांनी शनिवारीच घरून चलन केलं. प्लेटलेट्स घसरल्याने ८ आणि ९ ला त्या ॲडमिट होत्या. १० पासून घरी गादीवर बसून रोज चार-पाच तास काम चालू होतं. ११ ला जीएसटीआर-१ हे विक्रीचं जीएसटी रिटर्न गेलं (ओटीपी शेठच्या मोबाइलवर येतो, तो फोन करून विचारला), १५ ला पीएफचं चलन झालं. १३ ला मात्र दोन फोन घेण्यापलीकडे काही जमलं नाही. पगाराच्या स्लिपवर ‘एलडब्ल्यूपी ९’, म्हणजे नऊ दिवस बिनपगारी रजा, असं आलं आणि ९,६०० रुपये कापले गेले. शिल्लक रजा दोनच होत्या, असं ऑफिसचं म्हणणं. ॲडमिन बघणारे म्हणाले, “मॅडम, सर्टिफिकेटवर विश्रांती लिहिलीय. आजारी होतात तर काम कसं केलंत, आणि काम केलंत तर आजारी कशा?” शेठ म्हणाले, “घरून काम करा असं तुम्हाला सांगितलं कुणी?” नवरा म्हणतो, जाऊ दे, नोकरी सांभाळ. एक सहकारी सुचवतोय, की ‘घरून हलकं काम करू शकतात’ असं दुसरं सर्टिफिकेट आणावं. ताईंना नऊच्या नऊ दिवसांचे पैसे हवेत आणि याच नोकरीत राहायचंय; जीएसटीचं काम फर्ममध्ये दुसऱ्या कुणालाच येत नाही. ताई लिहितात, “पैशांपेक्षा अपमान जास्त लागला. भांडू की सोडून देऊ?”

उत्तर:

ताई,

आधी तब्येतीचं. ताप उतरला म्हणून तुम्ही लॅपटॉप उघडलात. बरं वाटायला लागलं की माणूस तसं करतोच. पण डेंग्यूत ताप उतरतो त्या सुमाराचे एक-दोन दिवसच सर्वांत जपायचे असतात. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, एकदम गळून जाणं ही धोक्याची लक्षणं बहुधा तेव्हाच दिसतात. टीडीएसच्या चलनामुळे तुम्ही ॲडमिट झालात असं मी म्हणत नाही. पण चलन राहिलं असतं तर काय झालं असतं? महिन्याला दीड टक्क्याने व्याज पडलं असतं, ते फर्मने भरलं असतं. त्या शनिवारी तुमच्या अंगावर बेतण्यासारखं होतं, शेठच्या नाही. डेंग्यूनंतरचा थकवा काही आठवडे राहू शकतो, तेव्हा या पगाराच्या भानगडीत डॉक्टरांची पुढची भेट चुकवू नका.

आता पैशांकडे वळू.

ॲडमिनवाल्यांचा प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो. तुम्हालाही तसाच वाटला असणार, कारण तुम्ही त्याला उत्तर न देता परत आलात. पण तो प्रश्न मुळातच चुकीचा आहे. आजारी असणं आणि काम करणं या एकमेकींना खोडणाऱ्या गोष्टी नाहीत; माणसं तापात स्वयंपाक करतात, गाडी चालवतात, परीक्षेला बसतात. डॉक्टरांचं सर्टिफिकेट हा पेशंटला दिलेला सल्ला असतो. तुम्ही काय करू नये हे त्यात लिहिलेलं आहे, तुम्ही काय केलंत याची नोंद त्यात नाही. ती नोंद दुसरीकडे आहे, आणि ती कुठे आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

शेठचा प्रश्न मात्र खरा आहे. तो टाळून पुढे जाता येणार नाही.

आपल्याकडे आजारी कर्मचाऱ्याला घरून काम करू द्यावंच, असा सरसकट हक्क कायद्यात नाही. उलट गैरहजेरीची कपात कायद्याला मान्य आहे, आणि ती ठरवताना कायदा बघतो की नोकरीच्या अटींप्रमाणे जिथे हजर असायला हवं तिथे माणूस होता का. तुमचं नेमणूकपत्र म्हणत असणार की कामाची जागा म्हणजे ऑफिस. शेठच्या बाजूने कुणी वकील उभा राहिला तर तो नेमकं हेच बोट दाखवेल: बाई ऑफिसात नव्हत्या, रजा त्यांनी स्वतः मागितली होती, ‘ओके’ रजेला दिलं होतं, घरून कामाला नाही. हा मुद्दा पोकळ नाही. ‘मी इतकी आजारी असूनही काम केलं’ हे त्याला उत्तर होत नाही. त्याने फार तर सहानुभूती मिळेल.

उत्तर तुमच्याच पत्रात आहे आणि तुम्ही ते कंसात टाकून पुढे गेलात. ११ तारखेचा ओटीपी.

जीएसटीआर-१ भरताना शेवटी जो ओटीपी लागतो तो अधिकृत सही करणाऱ्याच्या नोंदवलेल्या मोबाइलवर आणि ईमेलवर जातो. तुमच्याकडे ते शेठ. म्हणजे ११ ला तुम्ही घरून फोन केलात, त्यांनी मोबाइल बघून आकडे वाचले, तुम्ही ते टाकलेत आणि रिटर्न दाखल झालं. त्या फोनमध्ये ‘तुम्ही रजेवर आहात, राहू द्या, मी सीएकडून करून घेतो’ असं म्हणायला त्यांना पूर्ण वाव होता. ते म्हणाले नाहीत. आकडे सांगितले. कुणी सांगितलं होतं, असं आता विचारणाऱ्या माणसाने त्या दिवशी स्वतःच्या तोंडाने कामाला संमती दिली होती. संमती लेखीच लागते असं नाही, वागण्यातूनही ती दिसते. आणि काम फुकटात करायचा इरादा नसताना एखाद्याने ते रीतसर केलं आणि समोरच्याने त्याचा फायदा घेतला, तर त्याची भरपाई द्यावी लागते, हे भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७० मध्ये दीडशे वर्षं लिहिलेलं आहे. मुदतीत गेलेल्या रिटर्नचा फायदा फर्मने घेतलाच की.

तेव्हा आज रात्री पहिलं काम हे करा: ११ तारखेची ती कॉल हिस्टरी फोनमध्ये अजून असेल तर तिचा स्क्रीनशॉट घ्या. जुन्या नोंदी फोन आपोआप पुसत जातो. शेठशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं एक्स्पोर्ट करून ठेवा. जीएसटी पोर्टलवरची पावती, टीडीएस आणि पीएफच्या चलनांवरच्या तारखा आणि वेळा, तुम्ही त्या दिवसांत पाठवलेल्या मेल यांची यादी करा. यादी म्हणतेय, कॉपी नाही. फर्मचे लेजर, पार्टीचे हिशेब, बँक स्टेटमेंट स्वतःच्या जीमेलवर पाठवून घेऊ नका. पगाराच्या वादात तुमची बाजू भक्कम असताना गोपनीयता मोडल्याचं निमित्त आयतं हातात द्यायचं कशाला? आणि फोन बदलायच्या विचारात असाल तर थोडं थांबा. प्रकरण पुढे गेलंच तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा.

दुसऱ्या सर्टिफिकेटचं सोडून द्या. सहकाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण मागची तारीख टाकून आणलेला कागद हा खोटा कागद. शिवाय तो तुमच्या उपयोगाचाही नाही. तुमचं म्हणणं ‘मी काम करण्याइतकी ठणठणीत होते’ असं थोडंच आहे? तुमचं म्हणणं ‘मी काम केलं’ एवढंच आहे. पहिलं सर्टिफिकेट खरं आहे, ते तसंच राहू द्या.

आता जरा अवघड भाग. तुम्ही नऊच्या नऊ दिवसांचे पैसे मागताय, पण तुमच्याच तारखा मांडून बघितल्या तर हिशेब वेगळा निघतो. ४ ते १६ मध्ये दोन रविवार सोडून कामाचे अकरा दिवस. ४ आणि ५ ला शिल्लक रजा लागल्या. उरले नऊ. त्यांतल्या ८ आणि ९ ला तुमच्या हाताला सलाइन होतं. १३ ला दोन फोन घेतलेत. ते काम म्हणून दाखवू नका, पहिल्याच बैठकीत तोंडघशी पडाल. म्हणजे घरून खरोखर काम झालं ते ६, १०, ११, १२, १५ आणि १६, असे सहा दिवस. ऑफिसने ३२,००० ला ३० ने भागून कपात केलीय, त्या हिशेबाने सहा दिवसांचे ६,४०० आणि उरलेल्या तीन दिवसांचे ३,२०० होतात. या दोन रकमा वेगळ्या ठेवा. पहिली तुमच्या कामाचा मोबदला आहे. दुसरी रजेचा प्रश्न आहे, आणि खरं सांगू का, मला तुमच्या पत्रात सगळ्यांत जास्त खटकलं ते तिथेच.

सहा वर्षं नोकरी आणि शिल्लक रजा दोनच?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ प्रमाणे वर्षाला आठ सीएल, म्हणजे किरकोळ रजा, मिळायला हव्यात. त्याशिवाय वर्षात २४० दिवस काम भरलं की कामाच्या दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा. तुमच्यासारखं आठवड्याचे सहा दिवस काम करणाऱ्याचे वर्षाचे पावणेतीनशेच्या आसपास दिवस भरतात, म्हणजे तेरा-चौदा रजा. त्या वापरल्या नाहीत तर पुढच्या वर्षात जातात आणि ४५ पर्यंत साठतात. अठ्ठावीस माणसांच्या फर्मला हे लागू होतं, आणि हिशेब लिहिण्याचं काम करणारी व्यक्ती या कायद्यातल्या कामगारात मोडते; मोठ्या पदावरच्या व्यवस्थापकांची गोष्ट वेगळी. ‘आमच्याकडे वर्षाला अमुक सुट्ट्या, संपल्या की संपल्या’ असं लहान फर्ममध्ये सर्रास चालतं. कुणी विचारत नाही म्हणून चालतं. तुम्ही सहा वर्षांत किती भरपगारी रजा घेतल्या ते आठवा. फारशा घेतल्या नसतील, तर ही बिनपगारी रजेची वेळ तुमच्यावर यायलाच नको होती. आजारपणाचे सगळे दिवस साठलेल्या रजेतून आरामात भागले असते, आणि तुम्हाला सलाइन काढल्यावर दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप उघडायचं कारणही उरलं नसतं.

म्हणून शेठकडे जाल तेव्हा दोन मागण्या ठेवा. सहा दिवस हजर धरा. तीन दिवस भरपगारी रजेतून वळते करा, आणि माझ्या रजेच्या खात्याचा उतारा द्या. ‘चार-पाच तास म्हणजे हाफ डे’ असं ते म्हणतील. म्हणू देत. ऑफिसात हाफ डे किती तासांचा धरतात ते आधी बघून जा. तो नियम तुमच्या विरुद्ध असेल तर सहा अर्धे दिवस मान्य करा आणि उरलेले अर्धे रजेतून मागा. तासांवरून ताणत बसण्यात अर्थ नाही. रजेचं खातं उघडलं की तासांचा वाद आपोआप बारीक होतो.

अपमानाबद्दल थोडं बोलू का? तुमच्या पत्रात एक समज सगळीकडे आहे: मी फर्मसाठी एवढं केलं, ते त्यांना दिसायला हवं होतं. दिसायला हवं होतंच. पण ४ तारखेला तुम्ही रजा मागितलीत आणि ६ ला कुणालाही न सांगता काम सुरू केलंत. रजेवर आहात की कामावर, हे कुणीच ठरवलं नाही, तुम्हीही नाही. ते ठरलेलं नसतं तेव्हा पगार काढणारा माणूस हजेरीचं मशीन बघतो, तिथे बोट उमटलेलं नसतं आणि तो ‘एलडब्ल्यूपी ९’ टाकून मोकळा होतो. यात कुणाचा डाव असेलच असं नाही. डाव मला नंतर दिसतो. तुम्ही विचारायला गेलात तेव्हा नोंद दुरुस्त करण्याऐवजी त्यांनी तुम्हालाच खोटं ठरवलं, तिथे. दुखायला हवं ते त्याने, आणि त्याची माफी मिळेल की नाही मी सांगू शकत नाही. पगार मात्र मागता येतो. पगार मागायला जाताना माफीची अपेक्षा घरी ठेवून जा, नाहीतर शेठ दोन गोड शब्द बोलतील, तुमचे डोळे भरून येतील आणि ९,६०० तिथेच राहतील.

नवरा म्हणतो सोडून दे. त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. घर चालवणारा पगार आहे, लहान फर्म आहे, शेठच्या मनात बसलेली अढी रोजच्या कामात दिसते. तुम्ही नोकरी बदलायच्या बेतात असाल आणि तीन महिन्यांत निघणार असाल, तर ही रक्कम शेवटच्या हिशेबात लेखी मागणं हा शहाणपणाचा मार्ग ठरू शकतो. पण तुम्ही तर राहायचं म्हणताय. राहायचं असेल तर गप्प बसण्याचीही किंमत आहे: पुढच्या ११ तारखेला तुम्ही पुन्हा आजारी पडलात तर पुन्हा हेच होईल, आणि या वेळचा पायंडा दाखवून होईल. शिवाय तुम्ही स्वतः लिहिलंय, की जीएसटीचं काम फर्ममध्ये दुसऱ्या कुणालाच येत नाही. अशा माणसाला साध्या विनंतीपत्रावरून काढून टाकणं शेठना परवडेल का, याचा विचार भीती वाटेल तेव्हा करा. हमी मी देत नाही.

तोंडी बोलणं आधी करा, ॲडमिनला वगळून, आणि महिन्याच्या १२-१३ तारखेला करा. रिटर्नच्या धामधुमीत नको. बोलून आल्यावर त्याच दिवशी मेल टाका. काहीशी अशी:

“आदरणीय सर, डेंग्यूमुळे मी ४ ते १६ तारखेपर्यंत ऑफिसला येऊ शकले नाही. या काळात ६, १०, ११, १२, १५ आणि १६ या दिवशी मी घरून फर्मचं काम केलं. दिवसवार तपशील सोबत आहे. ११ तारखेला जीएसटीआर-१ साठीचा ओटीपी आपण फोनवर दिला होता. पगारातून मात्र नऊ दिवस बिनपगारी धरून ९,६०० रुपये कापले गेले आहेत. वरचे सहा दिवस हजेरी धरावेत, ८, ९ आणि १३ हे दिवस भरपगारी रजेतून वळते करावेत आणि माझ्या रजेच्या खात्याचा उतारा मिळावा, ही विनंती. आज आपल्याशी बोलणं झालंच आहे. पंधरा दिवसांत कळवलंत तर बरं होईल.”

यात ‘अन्याय’, ‘शोषण’, ‘कायदेशीर कारवाई’ यांतला एकही शब्द नाही, तो मुद्दाम नाही. कायद्याचं नाव पहिल्या पत्रात घेतलं की समोरचा वकिलाला फोन करतो. तारखा मात्र सगळ्या आहेत. हे पत्र उद्या तिसऱ्या माणसाने वाचलं तरी त्याला काही विचारावं लागणार नाही. ‘माझी आता काही मागणी नाही’ अशा कुठल्या कागदावर सही मागितली तर करू नका. केली तरी वेतनाचा हक्क सोडून देणारा करार कायद्यात टिकत नाही, पण तो कागद उगाच आडवा येत राहतो.

उत्तर आलंच नाही, किंवा ‘नाही’ आलं, तर? इथे बऱ्याच जणांना जुनी माहिती असते, म्हणून नीट लिहिते. १९३६ च्या वेतन कायद्याखाली महिना २४,००० पर्यंत पगार असलेल्यांनाच दाद मागता यायची, आणि तीही बारा महिन्यांच्या आत. तुमचा पगार ३२,०००, म्हणजे तुम्ही तेव्हा बाहेर. ‘तुम्हाला हा कायदा लागू नाही’ असं कुणी सांगितलं असेल तर ते तेव्हा बरोबर होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आणि पगार वेळेवर व पूर्ण देण्याच्या बाबतीत ती मर्यादा राहिली नाही. देखरेखीचं किंवा व्यवस्थापनाचं काम करणारेही आता त्यात येतात. दाव्याची मुदत तीन वर्षं आहे. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. कापलेली रक्कम देय ठरली तर तिच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश अधिकारी देऊ शकतो. ‘पर्यंत’ हा शब्द विसरू नका, दहापट हातात पडेल असं धरून चालू नका. निकाल तीन महिन्यांत लावायचा प्रयत्न करावा असंही संहितेत आहे. प्रत्यक्षात वेळ लागू शकतो. सुरुवात जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयातून करा, दावा कोणत्या अधिकाऱ्यापुढे चालेल ते तिथे सांगतात. वकील हवा वाटला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ६,४०० साठी वकिलाला दहा हजार देण्यापेक्षा हे बरं.

माझं विचाराल तर तिथवर जायची वेळ येऊ नये, आणि बहुधा येणार नाही. रजेच्या खात्याचा उतारा लेखी मागितला, की अठ्ठावीस माणसांच्या फर्ममध्ये शेठ ९,६०० चा विचार वेगळ्या नजरेने करतात. उरलेल्या सत्तावीस जणांनी तोच उतारा मागितला तर काय, हे त्यांना लगेच कळतं.

अशीच तक्रार असलेल्या इतर वाचकांसाठी थोडं.

पगार महिना २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापला जात असेल, तर आजारपणात घरून काम करायचा मोह आधी बाजूला ठेवा. पुरेसं योगदान भरलेलं असेल तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ मिळतो. पण ज्या दिवशी तुम्ही काम केलं त्या दिवसाचा तो लाभ मिळत नाही. ईएसआयकडून आजारपणाचे पैसे आणि मालकाकडून त्याच दिवसाचा पगार, असं दोन्हीकडून घ्यायला गेलात तर अडचणीत याल. एक काहीतरी निवडा, आणि बहुतेक वेळा विश्रांती निवडा.

‘प्रोफेशनल फी’ म्हणून पैसे मिळतात, पगाराची स्लिप नाही, पीएफ नाही, अशांची वाट थोडी वेगळी. कागदावर ते कर्मचारीच नसतात. त्यांनी करारात कामाचा मोबदला दिवसावर आहे की पूर्ण केलेल्या कामावर, हे बघावं. कामावर असेल तर ते गादीवर बसून केलं की टेबलावर, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही.

नोकरी सोडून आलेल्यांनी लक्षात ठेवा, की राजीनामा दिला किंवा काढून टाकलं तर उरलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायला हवं, असं संहितेत आहे. ‘फुल अँड फायनलला पंचेचाळीस दिवस लागतात’ ही ऑफिसांची सवय आहे, कायदा नाही.

आणि जे आजारी असून आत्ता, हे वाचताना, कामाचा मेल उघडून बसलेत त्यांनी हातातलं काम थांबवून आधी एक ओळ पाठवावी: ‘मी आज आजारी रजेवर आहे. तातडीचं म्हणून अमुक काम करायचं असेल तर आजचा दिवस घरून काम म्हणून धरावा, तसं कळवा.’ ‘हो’ आलं तर काम करा. ‘नाही’ आलं किंवा काहीच आलं नाही, तर झोपा. हे रुक्ष वाटतं, मान्य. पण शेठना, साहेबांना, टीम लीडला हा प्रश्न त्या दिवशी विचारला की उत्तर बहुतेक वेळा ‘नको, आराम करा’ असं येतं, आणि तेव्हा कळतं की ते काम आपल्याला वाटत होतं तेवढं अडलेलं नव्हतं.

ताई, तुमच्या बाबतीत मात्र ११ तारीख खरोखर अडते, हे मला कळतं. म्हणून शेठशी बोलाल तेव्हा आणखी एक गोष्ट काढा: जीएसटी, टीडीएस आणि पीएफची तिन्ही कामं शिकणारा दुसरा कुणीतरी हवा, निदान सीएच्या ऑफिसात तरी. फर्म माझ्याशिवाय अडते याचं थोडं सुखही असतं, ते असू दे. पण ज्याच्याशिवाय अडतं त्याला आजारी पडायची सोय राहत नाही.

पैसे द्यायचं ठरलं तर रोख घेऊ नका. पुढच्या स्लिपवर ते ‘एरियर्स’ म्हणून वेगळ्या ओळीत यायला हवेत, हजेरी दुरुस्त झालेली दिसायला हवी, आणि बिनपगारी दिवसांमुळे पीएफ कमी कापला गेला असेल तर फरकावरचा पीएफही जमा व्हायला हवा. ते चलन तुम्हीच भरणार आहात, तेव्हा स्वतःच्या नावापुढचा आकडाही तपासून घ्या.